भूकंपाचा आलेख वाचायला शिकताय? आधी एवढंच करा

लगेच रिश्टरच्या आकड्यामागे लागू नका. आधी दोन लहरी ओळखा: पहिली पोहोचणारी पी आणि तिच्यामागून येणारी, बहुधा जास्त उंच उठणारी एस. दोघींच्या आगमनातले सेकंद मोजा, ८ ने गुणा; भूकंपाचं अंदाजे अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. २० सेकंद म्हणजे सुमारे १६० किमी. भूकवचात पी सेकंदाला सुमारे ६ किमी, एस सुमारे ३.५ किमी धावते, त्यावरून हा ८ येतो. काही शे किलोमीटरपलीकडे तो चालत नाही, कारण लहरी भूकवचाखालच्या थरातून, म्हणजे खोल प्रावरणातून येतात आणि त्यांचा वेग वाढतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- एस उभ्या घटकावर (जमिनीची वर-खाली हालचाल दाखवणाऱ्या रेषेवर) शोधणं. ती आडव्या घटकांवर (आडवी हालचाल दाखवणाऱ्या रेषांवर) स्पष्ट दिसते.
- एकाच नोंदणी केंद्रावरून भूकंपाची जागा सांगणं. अंतरातून फक्त वर्तुळ मिळतं. अपिकेंद्रासाठी (भूकंपाच्या उगमाच्या थेट वरच्या, जमिनीवरच्या जागेसाठी) किमान तीन नोंदणी केंद्रं हवीत.
- संवेदक (कंपनं टिपणारं उपकरण) टेबलावर ठेवणं. तळमजल्याची पक्की फरशी, नीट समपातळी, पंखा-फ्रिजपासून दूर. इथे आळस केलात तर छोटे भूकंप गोंगाटातच बुडतील.

भूकंपाची खोली, भ्रंशाची (खडक जिथे सरकतात त्या भेगेची) दिशा सध्या सोडा. दहा-बारा आलेखांवर पी-एस अचूक लावता आल्या की पुढचं सोपं जाईल.