लेक ‘अवर फादर’ म्हणते, सासूबाई म्हणतात शाळा बदला

इंदूरच्या रामबागेतून एका आईचं पत्र आलंय. लेक नववीत, कॅथलिक शाळेत. शुभंकरोति झाल्यावर तिनं देवघरासमोरच ‘अवर फादर’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणून दाखवली. तेव्हापासून सासूबाईंचा धोशा सुरू आहे, “पोरगी बाटेल, शाळा बदला.” त्यात लेकीला मैत्रिणीबरोबर कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला बसायचंय. नवरा पेपरात डोकं खुपसून बसतो.

ताई, शाळा बदलायचं आधी डोक्यातून काढा. सीबीएसई असेल तर दहावीसाठीची नोंदणी नववीतच होते. शिवाय नन चालवतात त्या शाळेत प्रार्थना असणारच, हे इंग्रजी आणि शिस्तीपायी प्रवेश घेतला तेव्हाही ठाऊक होतं ना?

आता भीतीचं बघू. आपल्याकडे अशा शाळांत बहुधा कॅटेकिझम कॅथलिक मुलांसाठी असतं आणि बाकीची मुलं मॉरल सायन्सला बसतात. सकाळची प्रार्थना सगळ्यांची. पण राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण किंवा उपासना संमतीशिवाय लादता येत नाही आणि अल्पवयीन मुलांसाठी ती संमती पालकांची लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना बजावलं की, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका. तेव्हा प्रिन्सिपल सिस्टरना सरळ विचारा, कुठल्या तासाला काय शिकवता? विचारण्यात भांडण कसलं!

कॅटेकिझमला मी संमती देणार नाही. तो तास कॅथलिक मुलांच्या कम्युनियन-कन्फर्मेशन या धर्मसंस्कारांच्या तयारीचा असतो, मैत्रिणीच्या सोबतीसाठी तिथे बसणं बरं नव्हे. मैत्रिणीचं पुस्तक मात्र घरी आणू द्या, तुम्हीही वाचा.

प्रार्थना पाठ झाली म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाही. त्याला बाप्तिस्मा लागतो आणि एवढ्या मुलीला तो द्यायचा तर चर्चच्याच नियमानं तिची स्वतःची इच्छा आणि आधी शिकवणी हवी. हे सासूबाईंना सांगा. त्याहून बरं म्हणजे नातीलाच त्या प्रार्थनेचा अर्थ आजीला सांगू द्या. रोजची भाकरी आणि चुकांची क्षमा, असलं मागणं ऐकून आजी काय म्हणतात ते कळवा. (मला तरी त्या चिडतील असं वाटत नाही.)

शाळेत जाताना नवऱ्यालाही न्या. तिथे बोलणं तुम्ही करा, घरी स्वतःच्या आईची समजूत काढायचं काम त्यांचं.