वाचक विचारतात : गुलागाची चढण आणि पाहुण्याची रीत

प्रश्न : माझी मुलगी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे राहते. येत्या मार्चमध्ये मी व माझे यजमान तिच्याकडे जाणार आहोत. तेथील दक्षिण किनाऱ्यावर गुलागा नावाचा डोंगर असून तो मूळ रहिवाशांमध्ये आई मानला जातो, असे ती सांगते. त्यांच्यापैकीच एका मार्गदर्शकासोबत त्या डोंगरावर जायचे तिने ठरवले आहे. मी एकसष्ट वर्षांची आहे. दरवर्षी सप्तशृंगीला पायऱ्यांनी चढून जाते, परंतु उतरताना गुडघे बोलू लागतात. वर पोहोचल्यावर नारळ वाढवावा आणि आईची ओटी भरावी असे माझ्या मनात आहे. ते योग्य दिसेल का, आणि ही चढण मला झेपेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न सोपा आहे आणि पहिला मोलाचा आहे, म्हणून पहिल्यापासूनच आरंभ करतो.

आपल्या मुलीने सांगितले ते खरे आहे. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील युइन लोकांसाठी गुलागा ही आई आहे. तिला दोन मुलगे : थोरला बारुंगुबा आणि धाकटा नाजानुका. थोरल्याने समुद्रात दूर जाण्याचा हट्ट धरला आणि तो गेला. नकाशावर ज्याला माँटेग्यू बेट म्हणतात, तो बारुंगुबा. धाकट्यालाही भावामागे जायचे होते, परंतु तो लहान म्हणून आईने त्याला पायाशीच ठेवून घेतले, आणि डोंगराच्या समुद्राकडील बाजूस जी छोटी टेकडी दिसते ती नाजानुका. टिल्बा परिसरातल्या एखाद्या उंचवट्यावर उभे राहिले की आई, पायाशी बसलेला धाकटा आणि पाण्यात निघून गेलेला थोरला हे तिघेही एका नजरेत येतात. ज्यांची मुले परदेशी गेली आहेत त्या आयांना ही कथा कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, असे मला वाटते.

गुलागाचे नाते विशेषतः स्त्रियांशी आहे. स्त्रियांचे ज्ञान, बाळंतपण आणि मुलींचे शिक्षण यांच्याशी हा डोंगर जोडलेला आहे, तर त्याच प्रदेशातील बियामांगा हा डोंगर पुरुषांच्या दीक्षेशी जोडलेला आहे. त्यामुळे काही गोष्टी आपल्याला व आपल्या मुलीला सांगितल्या जातील आणि यजमानांना जरा दूर थांबायला सांगितले जाईल, असेही घडू शकते. त्याचा त्यांनी राग मानू नये. तसेच ज्या गोष्टी बाहेरच्यांना सांगायच्या नसतात त्या मार्गदर्शक सांगणार नाही, आणि तेथे खोदून विचारू नये. ‘हे आम्ही सांगत नाही’ हे उत्तर तेथे पूर्ण उत्तर असते.

आता ओटीविषयी. आपला भाव शंभर टक्के खरा आहे, परंतु रीत ज्याचे घर त्याची असते. आपल्या देवघरात कोणी अपरिचित पाहुणा आला आणि न विचारता त्याने त्याच्या पद्धतीची पूजा मांडली, तर त्याची भक्ती कितीही निर्मळ असली तरी आपल्याला अवघडल्यासारखे होईल. युइन लोक गुलागाकडे आई म्हणून पाहतात, म्हणून ती आपल्या अर्थाने देवी आहे आणि तिला खण-नारळ चालेल, असा निष्कर्ष आपण परस्पर काढू नये. शिवाय हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथे नारळ, तांदूळ, कुंकू किंवा कापड मागे ठेवणे हा रानातल्या प्राण्यांच्या दृष्टीने कचराच ठरतो. भारतातून नारळ घेऊन जाण्याचा विचार असेल तर तो मुळातच सोडावा. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ व वनस्पतिजन्य वस्तू जाहीर करावी लागते आणि तेथील तपासणी अत्यंत कडक असते.

मग करावे काय? चढण्यास आरंभ करण्यापूर्वी डोंगराला पाहुण्यांची ओळख करून देण्याची तेथील स्वतःची पद्धत आहे. अशा फेरीच्या आरंभी बहुधा पाने जाळून त्यांचा धूर घेतला जातो, कधी कपाळाला वा गालाला गेरूसारख्या रंगीत मातीचे बोट लावले जाते, आणि आपण कोण, कोठून आलो हे मनात किंवा मोठ्याने सांगितले जाते. हे सारे आपल्याला परके वाटणार नाही. त्या वेळी हात जोडावेसे वाटले तर जरूर जोडावेत. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आणि काही द्यावेसेच वाटत असेल, तर खाली उतरल्यावर मार्गदर्शकाला विचारून मुलीच्या घरी केलेले आपल्या हातचे रव्याचे लाडू सर्वांनी मिळून खावेत. ही ओटी नव्हे, हे खरे. परंतु पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपली रीत त्यात सांभाळली जाते.

चढणीचे म्हणाल तर कॅनबेराहून टिल्बा टिल्बा या छोट्या गावापर्यंत मोटारीने साधारण तीन तास लागतात आणि तेथूनच पायवाट सुरू होते. डोंगराची उंची सुमारे आठशे मीटर आहे. ऐकायला हे थोडे वाटते, कारण आपल्याला कळसूबाईच्या १,६४६ मीटरची सवय आहे; पण तिच्या पायथ्याचे बारी गावच मुळात उंचावर आहे, आणि येथे मात्र आरंभ जवळजवळ समुद्रसपाटीपासून होतो. म्हणजे प्रत्यक्ष चढण सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा जराशी अधिकच भरते. वाट पायऱ्यांची नाही. जुन्या काळी घोड्यांवरून सामान वाहण्यासाठी काढलेल्या मार्गाची ती असल्यामुळे बराच भाग रुंद आहे, परंतु मधले काही टप्पे चांगलेच उभे आहेत आणि पावसानंतर निसरडे होतात. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरावेत. गुडघे उतरताना बोलतात असे आपण लिहिता, म्हणून दोन काठ्या घ्याव्यात आणि पुढच्या तीन महिन्यांत सप्तशृंगीऐवजी चामरलेण्याच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा, मुख्यतः उतरण्याचा सराव म्हणून, कराव्यात. मार्च हा महिना चांगला आहे. तेथील उन्हाळा सरत आलेला असतो. तरीही पाणी प्रत्येकी दोन लिटर हवेच, आणि ओल्या रानात जळवा व गोचिडी असतात म्हणून पायमोजे लांब घालावेत. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची. मार्गदर्शकाला गुडघ्यांविषयी आधीच सांगून ठेवावे, कारण अशा फेऱ्या थांबत थांबत, बोलत बोलत चालतात आणि अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्यालाही त्यात पुष्कळ मिळते.

प्रश्न : मी सिडनीत नोकरीनिमित्त राहतो आणि सह्याद्रीत पंधरा वर्षे हिंडलेला आहे. गुलागावरची, म्हणजे नकाशावर माउंट ड्रॉमेडरी या नावाने असलेल्या डोंगरावरची पायवाट सर्वांना खुली आहे असे दिसते. मग मार्गदर्शकाला पैसे का द्यावेत? कळसूबाई, हरिश्चंद्रगड येथे आम्ही कधी वाटाड्या घेतलेला नाही. (एक वाचक, सिडनी)

उत्तर : हरिश्चंद्रगडावर वाटाड्या न घेता गेलेल्यांना रात्री कंदील घेऊन शोधायला गावकरीच निघतात, हे आपण विसरत असावात, तो विषय तूर्त बाजूला ठेवतो. वाट दाखवण्यासाठी गुलागावर मार्गदर्शक लागत नाही, हे मला मान्य आहे. वाट ठसठशीत आहे आणि चुकण्याजोगी नाही. तो ज्यासाठी लागतो ते कारण आपण लिहिलेल्या नावातच आहे.

एप्रिल १७७० मध्ये एन्डेव्हर जहाजावरून जेम्स कूक हा किनारा पाहत उत्तरेकडे चालला होता. डोंगराचा आकार त्याला एका वशिंडाच्या उंटासारखा वाटला आणि त्याने वहीत माउंट ड्रॉमेडरी असे नाव लिहिले. त्या डोंगरावर त्याने पाऊल ठेवले नव्हते. तो किनाऱ्यावर उतरला तो पुढे बॉटनी बे येथे. जहाजाच्या डेकवरून दिलेले ते नाव सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ नकाशांवर राहिले, आणि जे लोक त्या डोंगराला हजारो वर्षे आई म्हणत आले होते त्यांचे नाव मात्र तोंडी राहिले. मधल्या काळात पायथ्याच्या जमिनी दुग्धव्यवसायाच्या कुरणांसाठी गेल्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरात सोन्याच्या खाणी खणल्या गेल्या, आणि १८९१ मध्ये जवळच्या वॉलागा सरोवराच्या काठी सरकारने मूळ रहिवाशांसाठी राखीव वसाहत स्थापन केली. डोंगर डोळ्यांसमोर आहे आणि त्याच्यावर आपला अधिकार मात्र नाही, अशा अवस्थेत युइन लोकांच्या कित्येक पिढ्या त्या काठावर जगल्या.

ते ज्ञान तरीही टिकले, हेच आश्चर्य आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुबू टेड थॉमस या युइन ज्येष्ठांनी बियामांगाचा भाग असलेल्या मंबुला डोंगरावरील वृक्षतोडीविरुद्ध लढा दिला आणि ही जागा आमची पवित्र जागा आहे, हे सरकारला मान्य करायला लावले. पुढे मे २००६ मध्ये गुलागा आणि बियामांगा ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने मूळ मालकांना परत देण्यात आली. या व्यवस्थेत जमिनीची मालकी त्यांच्याकडे आहे, त्यांनी ती भाडेपट्ट्याने सरकारला उद्यान म्हणून वापरायला दिली आहे, आणि कारभार पाहणाऱ्या मंडळात मूळ मालकांचे बहुमत असते. म्हणून आपण ज्या वाटेला ‘सर्वांना खुली’ म्हणता, ती सरकारी वाट नसून कोणाच्या तरी अंगणातून जाणारी आणि त्यांनी आपल्यासाठी उघडी ठेवलेली वाट आहे. मार्गदर्शकाला दिलेले पैसे हे त्या घरातील माणसाच्या वेळेचे आणि विद्येचे मोल आहे; कीर्तनकाराला बिदागी देताना आपण ‘अभंग तर पुस्तकातही मिळतात’ असे म्हणत नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब सह्याद्रीतल्या गड्याला सांगायलाच हवी. गुलागाच्या माथ्यावरून दृश्य दिसत नाही. माथ्यावर दाट झाडी आहे. एवढे चढून गेल्यावर समोर पाने, शेवाळ आणि बहुधा धुके. जे मार्गदर्शकाशिवाय जातात ते ‘काही नाही तिथे’ असे म्हणत परततात. पाहण्यासारखे असते ते वाटेवर. खालच्या निलगिरीच्या कोरड्या रानातून वर जाता जाता हवा थंड होते, झाडनेच्यांच्या छत्र्या सुरू होतात, आणि वरच्या भागात समशीतोष्ण वर्षावन लागते. एवढ्याशा अंतरात दोन वेगळे ऋतू भेटावेत असा हा बदल आहे. लायरबर्ड हा दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करणारा पक्षी या रानात असतो; एकाच झुडपातून चार पक्ष्यांचे आवाज एकामागून एक आले, तर थांबून ऐकावे. माथ्याखालच्या खिंडीच्या परिसरात प्रचंड धोंडे उभे आहेत. भूगर्भदृष्ट्या हा डोंगर म्हणजे सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा झिजून उरलेला गाभा आहे. आपला सह्याद्री भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाच्या थरांचा, म्हणून त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे आणि दगड काळा, बारीक कणांचा. येथे मात्र शिलारस जमिनीच्या आतच सावकाश थंड झाला, म्हणून दगड भरड कणांचा, करड्या रंगाचा, आणि झिजून गोलाई आलेला. हा फरक आपल्यासारख्या दगड ओळखणाऱ्याला हाताने कळेल. पण हे धोंडे युइन लोकांसाठी काय आहेत, हे भूशास्त्र सांगू शकत नाही. ते सांगणारा माणूस शेजारी हवा. तसेच ते धोंडे चढण्यासाठी नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

माथा गाठलाच पाहिजे, ही आपल्याकडील डोंगरभटक्यांची जुनी खोड आहे, आणि मीही तिच्यातून पूर्ण सुटलेलो नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकावर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंदी आहे; तो त्याच्या मूळ मालकांसाठी पवित्र आहे आणि ‘चढू नका’ अशी विनंती ते वर्षानुवर्षे करत आले होते. गुलागावर वाट आहे, ही त्यांची उदारता समजावी. मार्गदर्शकाने किंवा वाटेवरील फलकाने खिंडीतूनच परतण्यास सांगितले, तर परतावे. ‘एवढे आलोच आहोत तर पंधरा मिनिटांत वर जाऊन येतो’ हे वाक्य तेथे उच्चारू नये.

फेरी ठरवताना ती युइन लोकांची स्वतःची आहे ना, एवढे पाहून घ्यावे. स्थानिक ॲबोरिजिनल भूमी परिषद किंवा जवळच्या नरूमा गावातील राष्ट्रीय उद्यानाचे कार्यालय याविषयी सांगू शकते. ती बरीच आधी ठरवावी लागते, आणि मार्गदर्शकाच्या कुटुंबात वा समाजात मृत्यू झाल्यास ती ऐन वेळी रद्दही होते. तेव्हा सुट्टीचा एक दिवस हाताशी राखून ठेवावा. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याच्या दिवशी उद्यान बंद असू शकते.

प्रश्न : याच डोंगरावर आम्ही आठ वर्षांच्या नातवाला घेऊन जात आहोत. त्याला दगड जमवण्याचा छंद आहे. एखादा छोटा दगड आणला तर चालेल का? ड्रोनने चित्रण करता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच धरून चालावे. उद्यानातून दगड, पान, पीस काहीही उचलणे कायद्याने मना आहे, आणि ड्रोनसाठी परवानगी लागते. साधी छायाचित्रे काढतानाही मार्गदर्शकाला दर ठिकाणी विचारावे. काही जागांची छायाचित्रे त्यांना नको असतात. आठ वर्षांचे मूल खिंडीपर्यंत सहज चालते, आजोबांचे काय ते पाहावे. दुसऱ्या दिवशी नरूमाहून होडीने बारुंगुबा बेटावर न्यावे : १८८१ चे दीपगृह, सील आणि छोटे पेंग्विन पाहून तो दगड विसरेल, आणि आईपासून दूर गेलेला थोरला मुलगा त्याला प्रत्यक्ष भेटेल. तरीही एखादा खडा खिशात राहिलाच, तर उतरण्यापूर्वी त्याच्याच हाताने परत ठेववावा. उलुरूच्या उद्यान कार्यालयात पर्यटकांनी उचलून नेलेले दगड क्षमेच्या पत्रांसह टपालाने परत येत असतात, आणि ठाण्याहून ऑस्ट्रेलियाचे टपाल काही स्वस्त नाही.