पोरगी म्हणते, पत्रकारांची वकील होईन

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. कापूस आणि तूर, बाकी काही नाही. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. आमच्या भागातल्या एका वार्ताहराने रेतीच्या चोरट्या उपशाची बातमी छापली, तर त्याच्यावरच खंडणीचा गुन्हा लागला. तेव्हापासून पोरगी म्हणते, पत्रकारांच्या केसेस लढणारी वकील होईन. अशा वकिलांचं जगभर जाळं आहे, तिथे जाईन म्हणते. मला पोलीस भरती बरी वाटते. या वकिलीत पोट भरतं का? आणि पोरीच्या जातीला धोका किती?

उत्तर :

नमस्कार भाऊ,

पोरीने ऐकलं ते खरं आहे. लंडनची ‘मीडिया डिफेन्स’ नावाची संस्था 2008 पासून हेच काम करते. बातमीपायी कोर्टात ओढल्या गेलेल्या पत्रकाराच्या वकिलाची फी भरणं, त्या वकिलाला कायद्याचा अभ्यास पुरवणं, नवे वकील तयार करणं आणि महत्त्वाचं प्रकरण असेल तर ते आंतरराष्ट्रीय कोर्टापर्यंत नेणं, असं तिचं काम चालतं. आफ्रिकेत बुर्किना फासो देशातले संपादक लोहे इसा कोनाते यांनी सरकारी वकिलावर भ्रष्टाचाराचे आरोप छापले. 2012 मध्ये त्यांना बदनामीच्या गुन्ह्यात एक वर्षाची कैद झाली. या संस्थेच्या पाठबळावर त्यांचं प्रकरण आफ्रिकेच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि अशी कैद देणं चूक असल्याचा निकाल 2014 मध्ये लागला. तोवर कोनातेंची शिक्षा भोगून झाली होती. या कामात जिंकायलाही इतका वेळ लागतो, हे पोरीला आजच सांगून ठेवा.

मात्र त्या जाळ्यात ‘जायचं’ म्हणजे लंडनला नोकरी धरायची, असा तिचा समज असेल तर तो दुरुस्त करायला हवा. परदेशी वकिलाला आपल्या कोर्टात उभं राहून केस चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. परदेशातून येणाऱ्या पैशावर एफसीआरए कायद्याची कडक बंधनं आहेत. वार्ताहर, संपादक, वर्तमानपत्राचे मालक यांना तर तो कायदा परदेशी देणगी घेऊच देत नाही. म्हणून असं जाळं कितीही मोठं असलं, तरी त्याला शेवटी आर्णी, वणी, ब्रह्मपुरीच्या कोर्टात उभा राहणारा माणूस लागतो. मराठीतली फिर्याद वाचणारा, पंचनाम्यातली गोम ओळखणारा. ती जागा आपल्याकडे जवळपास रिकामी आहे, आणि तुमची पोरगी तिथेच बसू शकते असं मला मनापासून वाटतं.

हे आपल्या मातीला नवीन नाही. 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे त्यांच्या सुटकेसाठी थेट लंडनला गेले, प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत लढले. टिळक सुटले नाहीत. पण वऱ्हाडातला एक वकील चालती वकिली सोडून एका संपादकासाठी समुद्र ओलांडून गेला होता, हे पोरीला ठाऊक असू द्या.

आता रोजचं काम. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. त्याच जाहिरातीच्या व्यवहारावरून खंडणीचा आरोप करणं सोपं जातं. मग अटकपूर्व जामीन, मग गुन्हा रद्द करण्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अर्ज. दुसरा प्रकार अब्रुनुकसानीच्या नोटिशीचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामी अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आणि तिथे बातमी खरी असणं पुरत नाही, ती लोकहिताची होती हेही दाखवावं लागतं. तिसरा प्रकार मारहाणीचा. त्यासाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण फिर्यादीत तो कायदा लावून घ्यायला जाणता वकील सोबत लागतो. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम याही आधीचं आहे : बातमी छापण्यापूर्वी कागद तपासून देणं. माहिती अधिकारात मिळालेली प्रत आहे का, रेतीघाटाच्या लिलावाचा आदेश हाती आहे का, समोरच्याची बाजू विचारली का. एवढं झालं तर निम्म्या नोटिशींतली हवा निघून जाते.

पोट भरतं का? नुसत्या पत्रकारांच्या केसेसवर नाही भरत. जमिनीचे दावे, अपघाताची भरपाई, फौजदारी जामीन यांवर घर चालवायचं आणि त्यात हे काम करायचं. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनिअर वकिलाला महिना किमान 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती सक्ती नाही. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बचाव पक्षाच्या वकिलांची पगारी पदं असतात. फौजदारी काम शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. आणि उद्या तिला न्यायाधीश व्हावंसं वाटलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालानंतर तीन वर्षांची वकिली आता लागतेच.

धोका आहे, भाऊ. रेतीवाल्याच्या विरुद्ध उभं राहणाऱ्याला फोन येतात. म्हणून पहिली काही वर्षं तिने एकटीने असं प्रकरण घेऊ नये. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या कणखर सीनिअरकडे, शक्यतो महिला वकिलाकडे काम करावं. पोलीस भरतीतही धोका आहेच, तो तुम्ही पत्करायला तयार होताच ना?

वाट सरळ आहे. बारावीला खुल्या प्रवर्गात 45 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. पाच वर्षांच्या एलएलबीसाठी एमएच-सीईटी लॉ द्यायची, ती मराठीतूनही देता येते. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट लागते, ती इंग्रजीतच असते. यवतमाळ, अमरावती, नागपूरला जुनी लॉ कॉलेजं आहेत. घराजवळचं कॉलेज कमी प्रतीचं असं समजू नका. इंग्रजी मात्र रोज वाचायला लावा, कारण हायकोर्टाचं काम त्यातच चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर कितीतरी निकाल मराठीतही आहेत; ते इंग्रजीशेजारी ठेवून वाचले की भाषा आणि कायदा दोन्ही येतील. वकिलीची सनद घ्यायची नोंदणी फी सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालाने खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांवर आली आहे, तेव्हा त्या खर्चाची धास्ती नको.

राज्याच्या 2024 च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. तुमच्या कॉलेजला ती कशी लागू होते, हे प्रवेशाच्या वेळी लेखी विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जातीचे कागद याच महिन्यात सेतूतून काढायला टाका. निकालानंतर तिथे रांग लागते आणि सर्व्हर चालत नाही.