पाण्याची वही आधी

पुणे, ज्येष्ठ महिना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधासाठी काढलेला, तू पाठवलेला आलेख पाहिला. डाव्या बाजूला जिल्ह्यातली युरियाची विक्री, उजव्या बाजूला विहिरींतलं नायट्रेट, आणि दोन्ही रेषा जोडीनं चढत निघालेल्या. दोन आकडे इतक्या गुण्यागोविंदानं नांदताना दिसले की मला धास्ती वाटते. खत वाढलं म्हणून नायट्रेट वाढलं, हे वाक्य खोटं नाही. पण ते तुझ्या आलेखातून सिद्ध होत नाही, आणि परीक्षक शहाणा असेल तर पहिल्या पाच मिनिटांत तुला ते कबूल करावं लागेल.

आधी बारीकसारीक उरकून टाकतो. युरियाची गोणी २०१८ पर्यंत ५० किलोची होती, मग ४५ ची झाली. शेतकरी मात्र आजही ‘एकरी दोन गोण्या’ एवढंच सांगतो, आणि तू सगळीकडे ५० नं गुणलंयस. युरियात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे आजच्या गोणीत २०.७ किलो. (२०२१ साली आलेल्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्क्यांनी साधारण २० ग्रॅम होतं. बाटली गोणीच्या बदली चालते असं कुणी म्हणालं तर दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेव, वाद घालू नकोस.) दुसरं म्हणजे, तुझा एक अहवाल नायट्रेटमध्ये आहे आणि दुसरा नायट्रेटमधल्या नत्रात. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक पडतो. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ती नायट्रेटची. नत्रात मोजलं तर ती १० च्या आसपास येते. तुझ्या तक्त्यात ज्या तीन विहिरी एकदम स्वच्छ निघाल्यात, त्या बहुधा याच घोळातल्या.

विक्रीच्या आकड्यांना मी कमी लेखत नाही. १९५०-५१ साली सबंध देशात ५५ हजार टनांच्या आसपास नत्र वापरलं गेलं. आता वर्षाला ते २ कोटी टनांच्या घरात आहे. ही चढण खरीच. पण तिच्यातल्या बऱ्याच पायऱ्या शेतात नाही, दिल्लीत घडल्या. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांवरचं किंमत-नियंत्रण उठलं, युरियावरचं राहिलं. वर्षभरात देशाचं नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ वर गेलं. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला. २६६ रुपये ५० पैशांत गोणी मिळते म्हटल्यावर हात सैल सुटणारच. शिवाय विकलेला सगळा युरिया पिकालाच जातो असं नाही, प्लायवूडच्या डिंकालाही जातो. २०१५ पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात, तो काही अंशी ही चोरवाट बंद करायलाच. थोडक्यात, तुझी डावी रेषा दुकानाची आहे. शेताची नव्हे.

शेताची रेषा पाण्यात सापडते, म्हणून पाण्याची वही आधी उघड. युरिया विरघळला की सुरुवातीला त्याच्यावर कुठलाच विद्युतभार नसतो. पाणी जाईल तिथे तोही जातो. आपल्याकडच्या उकाड्यात दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. अमोनियमचा भार धन, त्याला काळी माती घट्ट धरून ठेवते. मग जिवाणू दोन-तीन आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटचा भार ऋण आणि मातीच्या कणांचाही ऋण, त्यामुळे त्याला धरणारं कुणी उरत नाही. म्हणजे नत्र निसटायच्या वेळा दोन : खत टाकलं त्याच दिवशी भरमसाट पाणी दिलं तेव्हा, आणि दोन-तीन आठवड्यांनी मोठं पाणी आलं तेव्हा.

आता कालव्यावरच्या उसात जा. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणाऱ्या उसाला, शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. त्यातलं ४० टक्के लावणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि ४० टक्के मोठ्या बांधणीला, उसाला मातीची भर देतात तेव्हा. कागदावर ठीक आहे. पण खडकवासल्याचं आवर्तन (धरणातून कालव्याला सुटणारी पाण्याची पाळी) तुझे आठवडे बघून सुटत नाही. पाणी सुटल्याची बातमी आली की माणूस आधी कृषी सेवा केंद्रात पळतो, संध्याकाळी युरिया टाकतो आणि रात्री दारं धरायला उभा राहतो. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून सरी काठोकाठ भरतो. त्याला अडाणी म्हणायच्या आधी एवढं लक्षात घे : चुनखडीच्या काळ्या जमिनीवर युरिया उघडा टाकला आणि पाणीच दिलं नाही, तर तो अमोनिया होऊन हवेत जातो. दोन तोट्यांपैकी एक त्यानं पत्करलाय. हलकं पाणी देणं त्याच्या हातात असतं तर गोष्ट वेगळी होती; ठिबकवाल्याच्या हातात ते असतं.

आणि हा तोटा त्याला जाणवतही नाही. एक हिशेब करून बघ. एका एकरातून १०० मिलिमीटर पाणी मुळांखाली उतरलं तर ते झालं ४०५ घनमीटर. एवढ्या पाण्याला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत न्यायला नत्र लागतं ४.१ किलो. म्हणजे ९ किलो युरिया, ५३ रुपयांचा. आडसालीला एकरी १६० किलो नत्र टाकणाऱ्याला चार किलो कुठे दिसणार? ऊस तेवढाच काळाशार राहतो. खाली उतरणाऱ्या पाण्याला मात्र ते पुरतं. या ५३ रुपयांपाशी मी स्वतः किती वर्षांनी पोचलो ते सांगत नाही, लाज वाटते.

पुण्याच्या पूर्वेकडे पाण्याच्या वहीत आणखी एक खातं उघडावं लागतं, ते तुझ्या आलेखात अजिबात नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पाणी उपशाच्या विहिरीतून) शहराचं वापरून झालेलं पाणी बेबी कालव्यात पडतं आणि हवेली-दौंडच्या शेतांना जातं. प्रक्रिया केली म्हणून त्यातलं सगळं नत्र निघून जात नाही. समजा लिटरला १० मिलिग्रॅम नत्र राहिलं (समजू नकोस, मोज) आणि वर्षभरात शेताला एक मीटर पाणी दिलं, तर हेक्टरी १०० किलो नत्र नुसत्या पाण्यातून आलं. त्याची पावती कुठल्याच दुकानात फाडलेली नसते. कोथरूडच्या आणि औंधच्या न्हाणीघरांतून निघालेलं नत्र यवतच्या शेतकऱ्याच्या नावावर टाकू नकोस.

उमेदीच्या वयात मी असंच एकदा टाकलं होतं. दौंड तालुक्यात एका विहिरीचा आकडा मर्यादेच्या दुपटीवर गेला आणि मी झोकात लिहून दिलं : खतांचा अतिवापर. पुढच्या खेपेला त्या घरातल्या आजी बादली ओढता ओढता म्हणाल्या, “साहेब, ऊस गेल्या साली आला. उकिरडा सासऱ्यांच्या वेळचा आहे.” उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर होता. मी त्याच्याच शेजारी जीप लावत होतो.

तेव्हा प्रत्येक विहिरीभोवती आधी एक फेरी मार. उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा, वरच्या अंगाचं शेत कुणाचं, त्यात काय. नायट्रेटमधल्या नत्र आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) स्रोत बऱ्यापैकी ओळखू येतो, पण ती तपासणी महाग असते. फेरी फुकट असते.

तुझ्या प्रबंधातलं एक वाक्य मात्र खोडूनच टाक : ‘पिकानं न घेतलेलं उर्वरित नत्र भूजलात झिरपले.’ उर्वरित म्हणजे झिरपलेलं नव्हे. काही अमोनिया होऊन उडालं, काही दबलेल्या, पाणी साचलेल्या काळ्या रानात वायू होऊन गेलं, आणि बरंचसं मातीच्या सेंद्रिय भागात जाऊन बसलं. फ्रान्समध्ये १९८२ साली खूण केलेलं नत्र शेताला दिलं आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं त्याचा माग काढला. पिकांनी घेतलं ६१ ते ६५ टक्के, पाण्यात गेलं ८ ते १२ टक्के, आणि १२ ते १५ टक्के तेव्हाही मातीतच होतं, हळूहळू सुटत. तिथलं हवामान वेगळं, माती वेगळी, म्हणून टक्के इकडे उचलून आणू नकोस. पण वेळेचं भान आण. विहिरीत आज दिसणारं नायट्रेट कुठल्या सालच्या गोणीतलं आहे, हे तुझ्या आलेखातल्या एकाच वर्षाच्या दोन ठिपक्यांना ठाऊक नसतं. उलट मुरमाड रानात, फुटक्या बेसाल्टवर, पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी काही दिवसांत विहिरीत उतरतं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असेल तर तिथूनही सरळ खाली. दोन्ही गोष्टी एकाच शिवारात घडतात, म्हणून जिल्ह्याची सरासरी काढून तुझ्या हाती काही लागायचं नाही.

चाळीस विहिरी एकदा पाहण्यापेक्षा सहाच धर, पण दर वर्षी त्याच, मे अखेरीस आणि ऑक्टोबरात. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयातून आवर्तनाच्या तारखा घे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी मागायला संकोच करू नकोस. प्रत्येक शेतकऱ्याला एक वही दे, तिच्यात दोनच रकाने : पाणी कधी दिलं, खत कधी टाकलं. किती टाकलं ते नंतर विचार. आधी कधी ते कळू दे. गाईड म्हणतील, सहा विहिरींवर प्रबंध होत नाही. त्यांचं बोलणं मी करतो.

तुझी मे महिन्याची फेरी अजून राहिली असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि उद्याच निघ. एकदा मोठा पाऊस पडला की यंदाचा उन्हाळी आकडा पुन्हा मिळणार नाही. बाटल्या गार ठेवायला पेटी नसेल तर जाताना आमच्याकडून घेऊन जा. आंब्याच्या आइस्क्रीमची थर्मोकोलची आहे, तुझ्या काकूंनी जपून ठेवली आहे. बर्फ त्या रात्रीच लावतील.

तुझा,
सर