महागडे ‘रिव्हीलिंग’ (रेकॉर्डिंगमधलं सगळं उघड करणारे) स्पीकर दोन दिवस घरी ऐकायला मिळणार आहेत. काय ऐकावं, कसं ठरवावं?

सहा लाखांची जोडी, शनिवार-रविवार तुमच्या घरी, डीलर स्वतः आणून जोडून देणार. तुम्ही विचारलंय की गाणी कोणती लावू, ‘बर्न-इन’ (नवे स्पीकर वाजवून वाजवून रुळवणं) किती तास होऊ देऊ आणि सध्याचा अँप (अँप्लिफायर) पुरेल का. मी खरं तर पुढे गेलो असतो, पण प्रश्नातल्या एका वाक्याला अडलो: ‘मित्र म्हणतो, असे स्पीकर जुन्या रेकॉर्डिंगची लक्तरं वेशीवर टांगतात, तयारी ठेव.’ हे वाक्य मी २०१४ पासून ऐकतोय. मित्राकडून नव्हे, साडूंकडून.

त्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्याकडेही अशीच एक जोडी आली होती. उभे, कमरेच्या वर येणारे, पियानोसारखे चकचकीत काळे. शोरूममध्ये मी त्यांच्यावर भाळलो होतो. तिथे खाली जाड गालिचा, भिंतींना पॅनेल, एसी. आमचा हॉल कोथरूडमधल्या कुठल्याही हॉलसारखा: १६ बाय ११ फूट, गुळगुळीत फरशी, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. साडू मदतीला आले होते. माणूस मोठ्या मनाचा, पण ऑडिओचा विषय निघाला की समोरच्याला शिकवणी लावल्यासारखं बोलतात. त्यांनी दोन्ही स्पीकर थेट माझ्या कानांवर रोखले आणि शोरूमवाल्यांचं ते ठरलेलं गिटारचं लाइव्ह गाणं लावलं. तुम्हाला माहीत आहेच कुठलं. टाळ्या, मग ढोलाचा ठोका, मग सगळे एकमेकांकडे बघतात.

मीही बघितलं. छान होतं.

मग मी माझी गाणी लावली. साठ-सत्तरच्या दशकातल्या मैफलींची ध्वनिमुद्रणं, काही आकाशवाणीची, काही कोणाकोणाच्या घरच्या स्पूलवरून उतरवलेली. प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचायला लागला. पेटी पत्र्याची वाटायला लागली. टेपची सरसर गाण्याच्या पुढे येऊन बसली. साडू समाधानाने म्हणाले, “बघा, आता खरं काय ते कळतंय. तुमची रेकॉर्डिंगच खराब आहेत. रिव्हीलिंग स्पीकर खोटं बोलत नाही.”

इथे माझं डोकं फिरलं. मी बारा वर्षं गाणं शिकलोय. गायक झालो नाही, पण समोर बसून वाजलेली पेटी कशी असते ते मला कळतं. जो स्पीकर तुमच्या कपाटातली निम्मी गाणी ऐकवेनाशी करतो, तो बहुतेक वेळा काही उघड करत नसतो. त्याचा वरचा पट्टा, साधारण पाच-सहा हजार हर्ट्झपासून पुढे, थोडा चढवलेला असतो. शोरूममधल्या गालिच्यात तो चढ विरघळतो आणि तपशील म्हणून कानाला गोड लागतो. घरातल्या फरशीवर आणि काचेवर आपटला की दात आंबतात. ‘रिव्हीलिंग’ हा शब्द निम्म्या वेळा ट्रेबलचंच टोपणनाव असतो, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

साडू म्हणाले, सिद्ध करा.

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात माझा मिरजेचा तानपुरा उभा असतो. म्हटलं, मूळ वाद्य घरात असताना बाहेरच्या सीडी कशाला? दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो गच्चीवर नेला आणि साधारण मीटरभर अंतरावर रेकॉर्डर ठेवून दहा मिनिटं छेडला. गच्चीवर अशासाठी, की हॉलमध्ये रेकॉर्ड करून हॉलमध्येच वाजवलं तर हॉल दोनदा ऐकू येतो. साडूंना हा निव्वळ वेडेपणा वाटला. त्यांना सांगितलं, व्हार्फडेल या ब्रिटिश स्पीकर कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हेच केलं होतं. प्रत्यक्ष वादक आणि त्यांचं रेकॉर्डिंग आळीपाळीने, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर. साडू म्हणाले, “त्यांना विकायचे होते.” बरोबरच होतं ते.

तर गच्चीवरचा तानपुरा हॉलमध्ये लावला. स्पीकर साडूंनी ठेवले होते तसेच. खर्ज एवढा फुगला की बाकी सगळं त्याखाली गाडलं गेलं, आणि वर जवारी, म्हणजे तारेची झणझण, करवतीसारखी. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अरे, तो रेडिओ बारीक कर.”

मग मी बसून गणित केलं. माझा सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ. हॉलची लांबी १६ फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीतला पहिला अनुनाद पस्तिसाला पडतो आणि दुसरा बरोबर सत्तरच्या आसपास. म्हणजे खोली स्वतःच माझा खर्ज गात होती! हा दुसरा अनुनाद भिंतीलगत सगळ्यात जोरात असतो, आणि आमचा सोफा भिंतीलगत. खोलीच्या पाव अंतरावर, म्हणजे चार फुटांवर, तो जवळजवळ नाहीसा होतो. सोफा चार फूट पुढे ओढला तर खर्ज खरोखरच गायब. दोन-अडीच फुटांवर जमलं. स्पीकरचं तोंड कानांवरून काढून सरळ समोर केलं, त्यांना मागच्या भिंतीपासून हातभर पुढे घेतलं. पुढच्या आठवड्यात पुतण्याची मुंज होती म्हणून मांडववाल्याकडून गाद्या आल्या होत्या, त्यातल्या चार काचेला टेकवून उभ्या केल्या आणि मध्ये सतरंजी टाकली. (गाद्यांनी सत्तर हर्ट्झचं काहीही होत नाही, गैरसमज नको. वरची किणकिण तेवढी जाते.)

पुन्हा तोच तानपुरा. या वेळी खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गांधार, वर आला. तो ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. ज्याने नाही, त्याने सहा लाख खर्च करण्याआधी कोणाकडे तरी जाऊन ऐकावा, फुकट आहे. एवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर येता येता म्हणाली, “तानपुरा कोणी घेतलाय? पंचम उतरलाय, लाव की नीट.”

पंचम खरंच किंचित उतरला होता. पहाटेच्या गारव्यात मी घाईने लावला होता.

माझ्यासाठी परीक्षा तिथे संपली. आईला कुठली कंपनी, किती किंमत, कुठली वायर, यातलं काही माहीत नव्हतं आणि स्पीकर तिला दिसतही नव्हते. दिसणं फार महत्त्वाचं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हर्मन या ऑडिओ कंपनीतल्या ४० जणांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले, तर गुण बदलले. मोठ्या, देखण्या स्पीकरना दिसल्यामुळे गुण वाढले होते आणि लहानग्याचे कमी झाले होते. आणि ती सगळी याच धंद्यातली माणसं.

आता साडू काय म्हणाले? “म्हणजे स्पीकर उत्तमच आहेत ना, मग घ्या!” हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही, कारण त्यात तथ्य होतं. स्पीकर वाईट नव्हते. पण मी त्याच जागी, त्याच तोंडाने माझे जुने छोटे स्पीकर स्टँडवर ठेवले. गांधार त्यांच्यातही आला, थोडा पुसट. त्या ‘थोडा पुसट’ला सहा लाख मला पटले नाहीत. सोमवारी जोडी परत गेली. महिनाभराने साडूंनी तीच जोडी घेतली. आज त्यांच्याकडे गेलं की सहा अल्बम वाजतात, सातवा नाही. त्यांचा भीमसेनजींचा सगळा साठा ते गाडीत ऐकतात. गाडीत! मी काही बोलत नाही, मेव्हणी बोलते.

तर तुम्ही काय कराल? पहिल्या दिवशी डीलरची गाणी लावूच नका. जे तुम्हाला झोपेत उठवलं तरी ओळखू येईल ते लावा, त्यात एखादं खराब रेकॉर्डिंग हवंच. जुने स्पीकर माळ्यावर टाकू नका, शेजारी ठेवा आणि दोन्हींचा आवाज मोबाइलवरच्या मीटरने सारखा करून घ्या, कारण किंचित मोठं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं. रात्री दहानंतर, पंखा बंद करून ऐका. पंखा चालू असताना ‘बारीक तपशील’ ऐकू येतात असं म्हणणाऱ्याला घरी बोलावू नका. आणि मुख्य म्हणजे दोन दिवसांतला पहिला अर्धा दिवस सोफा सरकवण्यात घालवा, बायको काय म्हणेल ते म्हणो.

बर्न-इनचं म्हणाल तर दोनशे तास वगैरे जे सांगतात, त्यात स्पीकरपेक्षा कान जास्त सरावतात. नव्या वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या भागाची, लवचीकता सुरुवातीला जराशी बदलते हे खरं, पण ट्रेबल टोचत असेल तर तो दोनशे तासांनी गोड होईल या आशेवर पैसे देऊ नका.

एक कबूल करतो. माझी परीक्षा तानपुऱ्याची, म्हणजे माझ्या सोयीची. तुम्ही रॉक किंवा ऑर्केस्ट्रा ऐकत असाल तर छोटे स्पीकर जिथे दम टाकतात तिथे मोठी जोडी खरंच कामाला येते आणि साडू जिंकतात. शिवाय त्यांच्या हॉलमध्ये गाद्या नाहीत.

अँपचं राहिलंच. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला तो किती मोठा वाजतो ते, बघा. सध्याच्या जोडीपेक्षा ती तीन डेसिबलने कमी असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतील. इम्पिडन्स (स्पीकरचा विद्युत अडथळा) खाली कुठपर्यंत उतरतो तेही बघा, तीन ओहमच्या आसपास जात असेल तर लहान अँप गरम होतो. तुमचा अँप कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, हॉलची लांबी-रुंदीही नाही. आधी लांबी सांगा.