मोरजीला सुट्टीवर जाताय? दुर्बीण न्याच

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. एसी खोलीतून थेट बाहेर काढलीत तर काचांवर धुकं धरतं, म्हणून रात्री ती पिशवीत घालून व्हरांड्यात ठेवा. काचेवर वाळू उडाली तर आधी फुंकणीनं उडवा. रुमालानं पुसलीत की चरे पडलेच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उजाडताच शापोरा नदीच्या मुखाकडे चालत जा. सकाळी ऊन पाठीशी असतं, संध्याकाळी समुद्राकडे पाहिलं की सगळेच पक्षी काळे. भरतीची वेळ आदल्या रात्री बघा, ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पाणी चढत असताना चिखल्या आणि तुतवार हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी आपसूक जवळ येतात. ओहोटीत ते दूरवर पांगतात.

कुरवांच्या (सीगलच्या) थव्यात नवखे हमखास फसतात. हिवाळ्यात तपकिरी आणि काळ्या डोक्याच्या, दोन्ही कुरवांची डोकी पांढरीच, कानामागे फक्त एक गडद ठिपका. तेव्हा डोकं सोडा, पंखांची टोकं बघा: काळ्या टोकात पांढरे ठिपके असले तर तपकिरी डोक्याचा. पूर्ण वाढलेल्याचा डोळाही फिकट असतो.

थव्यावर चालून जाऊ नका. वाळूत बसून राहा. दुपारी रिसॉर्टच्या बागेत शिंजीर आणि तांबट आहेतच.