हात बघायचा, घड्याळ नंतर

पहिल्यांदाच सर्जरी शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरच्या हाताचं मूल्यमापन करणार आहेस, तर एक सांगतो: लॉगबुकातल्या केसेसच्या आकड्यावर जाऊ नकोस. हर्नियाची शंभर ऑपरेशनं केलेल्याचाही हात कच्चा असू शकतो.

टोरांटोत १९९० च्या दशकात तयार झालेली ‘ओसॅट्स’ (OSATS) ही सर्जनचं हातातलं कौशल्य तपासायची पद्धत आधी नीट वाच. तिच्या ग्लोबल रेटिंगमध्ये, म्हणजे एकूण हात कसा चालतो याच्या गुणांकनात, ७ मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. टिश्यू (ऊती) किती जपून हाताळतो, हालचाली वाया जातात का, असिस्टंटचा उपयोग करून घेतो का, वगैरे. चेकलिस्टपेक्षा माझा भर यावरच असतो. चेकलिस्टमध्ये ‘टाका घेतला’ एवढंच कळतं, कसा घेतला ते नाही.

टाका घालताना मनगटाकडे बघ. सुई तिच्या वक्रतेनुसार फिरते की ढकलली जाते? फोर्सेप्सने (चिमट्याने) त्वचेची कड चिमटून पांढरी पडते का? गाठ आवळताना टिश्यू वर ओढली जाते का? हे बघितलंस की निम्मं काम झालं. वेळ मोज, पण घाईला गुण देऊ नकोस.

गुण शक्यतो लगेच लिही. संध्याकाळपर्यंत आठवतो तो मुलाचा स्वभाव, हात नाही. आवडत्या विद्यार्थ्याला सगळीकडे ४ पडतात, हे तर सर्रास चालतं. म्हणून फक्त हात दिसतील असा व्हिडिओ काढून, नाव न सांगता दुसऱ्या सर्जनलाही गुण द्यायला लाव. दोघांत दोन गुणांचा फरक आला तर सरासरी काढून मोकळा होऊ नकोस, तो व्हिडिओ दोघांनी एकत्र बसून परत बघा.